सतरा नंबरची खुंटी

नोव्हेंबरात सूर्य डोंगराआड गेला
की आमच्या गावाला तो थेट जानेवारीच्या अखेरीस भेटतो.
अशाच एका काळोख्या सकाळी तो आला,
मासळीच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या आईचा हात धरून.
सतरा नंबरच्या खुंटीवर मी चिकटवलेलं नाव
मीच मोठ्याने वाचलं :
बोगुमिल.

तो काही म्हणाला नाही.
कोटही काढला नाही.

वर्ग उबदार. खिडकीखाली हीटर गुरगुरत असतो,
बाकीची एकोणीस पोरं मोज्यांवर घसरत फिरतात.
हा मात्र गळ्यापर्यंत चेन ओढून
खुर्चीच्या कडेवर बसायचा,
धक्क्यावर बोटीची वाट बघत माणसं बसतात तसा :
सामान पायाशी, लक्ष पाण्याकडे.

मुख्याध्यापक म्हणाले, शिस्त म्हणून काढायला सांगा.
मी म्हटलं, घाम त्याला येतोय, तुम्हाला नाही.
(खरं तर इतकं चोख मी बोललेच नाही.
"बघते," म्हणाले, आणि बघत राहिले.)

मग आम्ही एक करार केला, अर्धा हातवाऱ्यांनी :
तू स्वतः बोट वर केल्याशिवाय
मी तुला वाचायला उठवणार नाही.
त्याने मान हलवली. एवढीशी.
त्या एवढ्याशा मानेवर मी तीन आठवडे खूष होते.

आणि तपासणीला राजधानीतून बाई आल्या,
आणि मला दाखवायचं होतं
की आमच्याकडे कसं प्रत्येक मूल सामील असतं.
"बोगुमिल, तू वाच."

तो उठला. पान बरोबर होतं.
ओठ हलले.
हीटर तेवढा बोलत राहिला.
बाईंनी वहीत काहीतरी टिपलं, बहुधा चांगलंच.
त्या रात्री मी नवऱ्याशी कारण नसताना भांडले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं :
मी याला शब्द दिला होता. मोडला. माझं चुकलं.
मागच्या बाकावरून सैउनने विचारलं,
"म्हणजे आम्हालाही असं म्हणता येईल?"
येईल, म्हटलं. जिमची काच कोणी फोडली तेही सांगता येईल.
हशा झाला. तो हसला नाही.
माफीची पावती दाखवून
विश्वास काही परत मिळत नाही.

डिसेंबर. कोट.
जानेवारी. कोट.

मग एका दुपारी, पोरं घरी गेल्यावर, दिसलं :
खुंटीवरच्या नावात शेवटच्या अक्षरावर
कोणीतरी पेन्सिलीने तिरपी रेघ मारलेली.
मी रबर काढलं.
मग थांबले.
रेघ दोनदा गिरवलेली होती, दाबून.

सकाळी त्याला खुंटीशी नेऊन विचारलं, हे काय?
आमच्या भाषेतलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य :
"स्टेनवर, तो ल नाही. रेघ असली की व."
माझं नाव त्याने अचूक घेतलं होतं.

बोगुमीव.
मी म्हणून पाहिलं. चुकलं. परत म्हटलं.
बूट काढता काढता हाल्वार्दुर म्हणाला,
"ओठ गोल कर, शिट्टी वाजवताना करतेस तसे."
तुला कसं ठाऊक?
"फुटबॉलला आम्ही तशीच हाक मारतो की.
नोव्हेंबरपासून."

अडीच महिने.
दिव्याच्या खांबाखालच्या त्या बर्फाळ मैदानाला माहीत होतं,
गोलकीपरला माहीत होतं,
हजेरीपटाला तेवढं नव्हतं.

सूर्य परतला त्या दिवशी
घरोघर पातळ पॅनकेक, कॉफी, खिडक्यांना नाकं.
वर्गात ऊन तिसऱ्या रांगेवर चार मिनिटं टेकतं,
आणि पोरं त्या चार मिनिटांसाठी एकमेकांना ढकलतात.
तोही ढकलत होता.
कोट अंगावरच होता.
चेन उघडी.

मी काही बोलले नाही. हजेरी घेतली.
सतराव्या नावाला ओठ गोल केले.

"हजर," तो म्हणाला,
उन्हाकडेच बघत,
जशी कोणी हाक मारणारच होतं.